पाथरीचा तिमाप्पा, हबशी दर्यासारंग आणि समुद्रातलं एक बेट

जिंतूरला पडलेला पाऊस पूर्णेत जातो, पूर्णा गोदावरीला मिळते आणि गोदावरी ते सगळं पाणी घेऊन पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे निघते. अरबी समुद्राकडे आपण जणू पाठ करूनच बसलेलो. आणि तरीही त्या अरबी समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटाची, साडेचारशे वर्षं गाजलेली गोष्ट आपल्या परभणी जिल्ह्यात सुरू होते! बेट म्हणजे मुरुडचा जंजिरा. गाव म्हणजे आपली पाथरी, जिंतूरहून निघून सेलू मागे टाकलं की येणारी.

पाथरी आज साईबाबांच्या नावानं चर्चेत असते. पण पंधराव्या शतकाकडे मागे जाऊ. पाथरीच्या एका ब्राह्मण कुलकर्णी घराण्यातला भैरव नावाचा माणूस मुलूख सोडून विजयनगरच्या राज्यात गेलेला. त्याचा मुलगा तिमाप्पा. बहमनी सुलतान अहमदशहाची फौज विजयनगरवर चालून गेली, तेव्हा हे पोर तिच्या हाती लागलं. गुलाम झालं, धर्म बदलला, नाव बदललं. तिमाप्पाचा हसन झाला. फिरिश्ता या इतिहासकारानं ही हकीकत लिहून ठेवली आहे.

आता तुम्हाला वाटेल, संपली बिचाऱ्याची कहाणी. कुठल्यातरी वाड्यात पाणी भरत आयुष्य गेलं असेल. पण नाही! सुलतानानं त्या हुशार पोराला शाहजाद्याच्या बरोबरीनं शिकायला बसवलं. फारसी, अरबी, हत्यार, कारभार. हसन चढत चढत बहमनी राज्याचा मुख्य कारभारी झाला, निजामउल्मुल्क मलिक हसन बहरी. १४८६ मध्ये तो बिदरला मारला गेला, तेव्हा त्याचा मुलगा मलिक अहमद कोकणात मोहिमेवर होता. या मुलानं १४९० मध्ये बहमनींना झुगारलं आणि स्वतःची सत्ता उभी केली. तीच अहमदनगरची निजामशाही. (हैदराबादचा निजाम तो निराळा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तो सव्वादोनशे वर्षांनी आला.) म्हणजे पाथरीच्या कुलकर्ण्याचा नातू सुलतान! त्या घराण्यानं पाथरी मनातून काढली नव्हती, हेही मला फार विलक्षण वाटतं. पुढचा सुलतान बुऱ्हाण निजामशहा याला आपलं मूळ गाव वऱ्हाडच्या इमादशाहीकडून हवं होतं. बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, तरी मिळेना. तेव्हा त्यानं त्यासाठी लढाया केल्या आणि पाथरी जिंकून घेतली.

तिमाप्पाचा हा प्रवास जरा ध्यानात राहू द्या. पकडून आणलेला, विकता येण्याजोगा माणूस सत्तेच्या अगदी माथ्यावर पोचू शकतो, ही दख्खनची त्या काळची रीत होती. जंजिऱ्याचं सगळं नवल या रीतीत दडलेलं आहे.

मलिक अहमदला कोकण किनाऱ्यावरचं दंडाराजपुरी बंदर हवं होतं. तिथं खाडी समुद्राला मिळते, आणि तिच्या तोंडाशी पाण्यातून एक खडक वर आलेला आहे. सगळा मिळून जेमतेम बावीस एकर. त्यावर राहत होते कोळी. समुद्री चाच्यांचा उपद्रव किनाऱ्यावर फार. म्हणून कोळ्यांनी त्या खडकावर लाकडाचे मोठमोठे ओंडके शेजारी शेजारी रोवून कोट उभारला, मेढेकोट. चाचे आले की बायकापोरं, होड्या, जाळी घेऊन आत जायचं. त्यांचा प्रमुख राम पाटील. माणूस बाणेदार, चाच्यांना जुमानत नव्हता, तसा सुलतानालाही जुमानेना.

मग काय झालं? आजही किनाऱ्यावर सांगितली जाणारी गोष्ट अशी. निजामशहाचा एक हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेला सरदार, पिरमखान, व्यापाऱ्याच्या वेशात गलबत घेऊन आला. वादळाचं निमित्त केलं, किंवा चाच्यांचं. माझा माल रात्रीपुरता तुमच्या कोटात ठेवू द्या, म्हणाला. राम पाटलानं परवानगी दिली. पेटारे आणि पिंपं आत आली. पाहुण्यानं कोळ्यांना दारू पाजली. आणि कोट झिंगून झोपला तेव्हा पेटारे उघडले, आतून हत्यारबंद माणसं बाहेर पडली. सकाळी बेट हबश्यांचं होतं. पेटाऱ्यांचा तपशील दंतकथेचा म्हणून बाजूला ठेवा हवा तर. पण १४९० च्या सुमारास दंडाराजपुरी निजामशाहीकडे गेली आणि बेटाची मालकी कोळ्यांच्या हातून सुटली, हे पक्कं.

इथं मी तुम्हाला क्षणभर पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला नेतो, कारण त्याच दोन-चार वर्षांत तिथंही एका बेटावर गलबतातून माल उतरत होता. डिसेंबर १४९२. कॅरिबियन समुद्रातलं हिस्पॅनिओला बेट. आज त्यावर हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक असे दोन देश आहेत. नाताळच्या रात्री कोलंबसचं 'सांता मारिया' जहाज तिथं उथळ पाण्यात रुतलं. बेटावरच्या ताईनो लोकांचा एक प्रमुख ग्वाकानागारी यानं आपली माणसं, आपल्या होड्या पाठवल्या आणि जहाजावरचा सगळा माल सुखरूप किनाऱ्यावर उतरवून दिला. काहीही हरवलं नाही, अशी नोंद कोलंबसनंच केली आहे. राम पाटील आणि ग्वाकानागारी! एकमेकांचं नाव कानावर पडणं शक्य नव्हतं, आणि दोघांनीही परक्याच्या मालाला आपल्या बेटावर जागा दिली.

इथपर्यंत दोन्ही बेटं जोडीनं चालतात. मूळचे रहिवासी, गलबतातून आलेले परके, आणि आफ्रिकेची माणसं. पुढं मात्र वाटा अशा फुटतात की थक्क व्हावं. हिस्पॅनिओलावर आफ्रिकन माणसं आली ती साखळदंडात. जंजिऱ्यावर ती गादीवर बसली.

असं का?

हिस्पॅनिओलाचं उत्तर आपल्या ऊसपट्ट्यातल्या वाचकाला चटकन कळेल. कोलंबस १४९३ मध्ये दुसऱ्या खेपेला सतरा जहाजं घेऊन आला आणि सोबत उसाची बेणी होती. ऊस तोडला की तो फार थांबत नाही. एक-दोन दिवसांत गाळला नाही तर रस आंबतो, साखर पडत नाही. म्हणून तोड आणि गाळप एका दमात, हंगामभर, रात्रंदिवस. त्याला माणसं लागतात, खूप लागतात, आणि ज्यांना नाही म्हणता येणार नाही अशी हवी असतात. सोन्याच्या खाणींत आणि शेतांत राबवून, उपासमारीनं आणि युरोपातून आलेल्या रोगांनी ताईनो मरत गेले. सुरुवातीला ते काही लाख तरी असावेत. १५१४ च्या मोजणीत सव्वीस हजारांच्या आसपास उरले होते. त्यावर १५१८ मध्ये देवी आल्या. अवघ्या एका पिढीत एक अख्खा समाज पुसत आला! त्यांची जागा भरायला आफ्रिकेतून माणसं आणली गेली. पुढच्या साडेतीनशे वर्षांत अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढवलेल्या आफ्रिकन माणसांची संख्या सव्वा कोटींच्या घरात जाते. आईची गुलामी मुलाला, मुलाची नातवाला. कातडीचा रंग हीच बेडी.

दख्खनला मात्र माणूस हवा होता तो लढायला. बहमनी आणि त्यांच्यानंतरच्या सुलतानांच्या दरबारात दोन तट असायचे: इथलेच झालेले दख्खनी आणि इराण-तुराणातून आलेले परदेशी. सगळे एकमेकांवर टपलेले. अशा वेळी सुलतान विश्वास कुणावर ठेवणार? ज्याचं इथं कुणी नाही त्याच्यावर. सोयरे नाहीत, वतन नाही, गाव नाही. धनी हाच आईबाप. म्हणून इथिओपियाकडून, तांबड्या समुद्राच्या बंदरांतून, पोरं विकत आणायची, वाढवायची, शिकवायची, घोडा आणि तलवार हातात द्यायची. धनी मेला की तो गुलाम बहुधा मोकळा व्हायचा. आणि मोकळा झालेला, शिकलेला, हाताशी सैनिक असलेला माणूस काय स्वस्थ बसणार? तो सरदार व्हायचा. त्याची मुलं गुलाम म्हणून जन्मत नसत. तिमाप्पाला ज्या शिडीनं वर नेलं, त्याच शिडीनं हबशी वर गेले.

हा व्यवहार दयेचा होता असं कुणी समजू नये. आईपासून तोडून विकलेलं पोर ते विकलेलंच, आणि वाटेत किती मेली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण व्यवहाराचं गणित वेगळं होतं, म्हणून त्याचा शेवट वेगळा झाला.

याचा सगळ्यात झगझगीत पुरावा आपल्या मराठवाड्यात आहे. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा मुलगा अनेक हातांतून विकला जात बगदादला पोचला. तिथल्या धन्यानं त्याला शिकवलं आणि अंबर नाव दिलं. पुढं तो अहमदनगरच्या पेशव्यानं, चंगीझखानानं विकत घेतला. आणि हा चंगीझखान स्वतःही हबशीच! तो वारल्यावर अंबर मोकळा झाला. मोगलांनी १६०० मध्ये अहमदनगर घेतलं, निजामशाही संपल्यात जमा झाली, तेव्हा हाच मलिक अंबर उभा राहिला. परांड्याला नवा निजामशहा गादीवर बसवला, स्वतः कारभार घेतला आणि पुढची पंचवीस वर्षं मोगलांना दख्खनमध्ये पुरतं शिरू दिलं नाही. १६१० च्या सुमारास खडकी वसवली, ती आजची छत्रपती संभाजीनगर. तिथल्या नहरी त्याच्याच. शहाजीराजे भातवडीला १६२४ मध्ये त्याच्याच बाजूनं लढले. बादशहा जहांगीर इतका चिडला होता की त्यानं एक चित्र काढवून घेतलं: भाल्यावर अंबरचं तुटलेलं शिर आणि त्यावर बाण मारणारा जहांगीर. चित्र आहे, आजही पाहता येतं. प्रत्यक्षात मात्र अंबर १६२६ मध्ये पिकल्या वयात वारला, शिर धडावर असताना. खुलताबादला त्याची कबर आहे.

नेमक्या पुढच्याच वर्षी, १६२७ मध्ये, कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर इंग्रजांनी वसाहत केली. पहिल्याच जहाजातून त्यांनी आफ्रिकन गुलाम नेले होते. हे बेट लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

आता आपल्या खडकाकडे वळू. लाकडी मेढेकोट जाऊन तिथं दगडी कोट उभा राहिला तो १५६७ ते १५७१ या काळात, निजामशाहीच्या बुऱ्हाणखानाच्या देखरेखीखाली. त्यानंतरही तो मजबूत होत गेला. दगड तोच काळा, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, जो आपल्या चारठाण्याच्या देवळांत आणि नेमगिरीच्या डोंगरात आहे. जंजिऱ्याच्या तटाला एकोणीस बुरूज. राजपुरीहून होडीनं निघालं की समोर फक्त भिंत दिसते. दरवाजा कुठं आहे? दिसतच नाही! अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आडोशातून तो एकाएकी समोर येतो. शत्रूनं तोवर किती गोळे खाल्लेले असतील याची कल्पना करा. दरवाजाजवळ दगडात एक हिंस्र जनावर कोरलंय. चार पंजांत चार हत्ती, एक तोंडात, एक शेपटीत गुंडाळलेला. बघणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं.

किल्ला कशावर टिकतो? तोफांवर? कलालबांगडी, चावरी, लांडाकासम या तोफा अजून बुरुजावर आहेत आणि कलालबांगडी पाहून छाती दडपते. पण खरी मेख आहे ती पाण्यात. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत दोन मोठे गोड्या पाण्याचे तलाव. कोकणचा पाऊस म्हणजे आपल्या जिंतूरच्या पावसाच्या तिपटीहून जास्त. तो तलावात साठतो आणि वर्षभर पुरतो. डोंगरी किल्ला तहानेनं शरण येतो. याला तहान लागतच नव्हती. वेढा घालणाऱ्याला उघड्या समुद्रावर होड्यांत बसून राहावं लागे, आणि जूनमध्ये पावसाळा लागला की समुद्रच त्याला हुसकून लावी. भिंतीखाली उतरायला वाळू नाही, शिड्या टेकवायला जमीन नाही. भरती-ओहोटी सतत होडी वरखाली करते.

म्हणूनच शिवाजी महाराजांनी इतक्या वेळा प्रयत्न केले तरी हे बेट हाती आलं नाही. १६७० च्या सुमारास ते अगदी जवळ आलं होतं. वेढ्याला कंटाळून किल्लेदार सिद्दी (हबश्यांचंच हे दुसरं नाव) फत्तेखान किल्ला द्यायला तयार झाला. पण संबळ, कासीम आणि खैरियत या तीन सिद्द्यांनी त्यालाच कैद केलं, कारभार हाती घेतला आणि औरंगजेबाची चाकरी पत्करली. राजवाडा नाही, युवराज नाही. सरदारांनी आपल्यातला कर्तबगार पुढं करायचा, ही त्यांची पद्धत. निजामशाही गेली, आदिलशाही आली, मग मोगल आले. वरचे धनी बदलले, बेटावरचे हबशी तिथंच राहिले.

१६७६ मध्ये मोरोपंत पेशव्यांच्या मोहिमेत लाय पाटील नावाच्या कोळ्यानं रात्रीच्या अंधारात, लाटांवर हेलकावणाऱ्या होडीतून, तटाला शिड्या लावून दाखवल्या असं सांगतात. मागची कुमक वेळेत आली नाही, उजाडायला लागलं, आणि त्यानं शिड्या काढून घेतल्या. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावरच्या माणसाला पालखी काय करायची, म्हणून त्यानं ती नाकारली. तेव्हा त्याला एक गलबत बांधून दिलं आणि त्याचंच नाव ठेवलं 'पालखी'. राम पाटलाच्याच जातभाईनं दोन शतकांनी बेट परत घेण्याची अशी खटपट केली, ही गोष्ट मला फार आवडते.

महाराजांनी तोडगा काढला तो असा: बेट घेता येत नाही तर त्याच्या समोर दुसरं बेट उभं करायचं. मुरुडच्या समुद्रात कासा खडकावर त्यांनी पद्मदुर्ग बांधला, थेट सिद्दीच्या छातीवर. तो किल्ला आज गेलात तर एक गोष्ट बोट लावून बघा. साडेतीनशे वर्षं लाटांनी तटाचा काळा दगड खाल्लाय, आतून पोखरून झिजलाय. पण दोन दगडांमध्ये भरलेला चुना तसाच्या तसा पुढं आलेला. सगळी भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते: दगडाच्या जागी खळगा आणि चुन्याच्या कडा उभ्या. चुना दगडापेक्षा टिकाऊ! ज्यांनी तो मळला त्या गवंड्यांची नावं कुठं नाहीत.

संभाजी महाराजांनी तर त्याहून धाडस केलं. १६८२ मध्ये राजपुरीच्या किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात दगड टाकून रस्ताच बांधायला काढला. खाडी बुजवून पायी चालत किल्ल्यावर जायचं! काम सुरूही झालं, आणि मोगल फौज कल्याणकडे उतरली, महाराजांना तिकडे धावावं लागलं. रस्ता अर्धाच राहिला.

आणि आता बार्बाडोस. १६६१ साली त्या बेटावर इंग्रजांनी गुलामांचा कायदा केला. आफ्रिकन माणूस म्हणजे मालकाची मालमत्ता, त्याला कशी शिक्षा करायची, हे त्यात कलमवार लिहिलं. पुढं इतर वसाहतींनी तो उचलला. त्याच १६६१ मध्ये इंग्लंडच्या राजाला पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई आंदण मिळाली. तेच इंग्रज, तेच साल. आणि मुंबईत काय झालं? ईस्ट इंडिया कंपनीनं मोगलांची खोड काढली, तेव्हा १६८९ मध्ये औरंगजेबाचा दर्यासारंग सिद्दी याकूतखान, म्हणजे तोच कासीम, आरमार घेऊन मुंबईवर उतरला. शिवडी, माझगाव, माहीम त्याच्या हाती गेले. इंग्रज आपल्या किल्ल्यात कोंडले गेले. वर्षाहून जास्त काळ! अखेर कंपनीनं बादशहापुढं माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा १६९० च्या जूनमध्ये सिद्दी निघून गेला. बार्बाडोसच्या उसात ज्यांच्या कायद्यानं आफ्रिकन माणूस वस्तू होता, त्यांना मुंबईत एका आफ्रिकन वंशाच्या आरमारप्रमुखापासून वाचण्यासाठी पैसे मोजावे लागले. शाळेच्या पुस्तकात मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

कौतुकाच्या भरात कोकणच्या रयतेला विसरता येणार नाही. सिद्दीच्या स्वाऱ्यांत गावं जळाली, माणसं धरून नेली आणि विकली गेली. स्वतः विकले गेलेल्यांच्या वारसांनी दुसऱ्यांना विकावं, हे वाचताना जीव तुटतो. १७२७ मध्ये सिद्दी सातानं चिपळूणजवळचं परशुरामाचं देवस्थान लुटलं. त्याचे पडसाद साताऱ्याच्या दरबारापर्यंत उमटले. १७३३ मध्ये बाजीराव जंजिऱ्यावर चालून गेले. सिद्दीच्या ताब्यातला रायगड त्या वर्षी मराठ्यांकडे परत आला. १७३६ च्या एप्रिलमध्ये चिमाजीअप्पांनी रेवसजवळच्या लढाईत सिद्दी साताला मारलं. तहात सिद्दीचा निम्मा मुलूख गेला. बेट मात्र राहिलं!

तलवारीनं जे झालं नाही ते पुढं कागदानं केलं. सिद्द्यांनी मराठ्यांच्या धाकापोटी इंग्रजांशी तह केले, आणि तहाची दोरी हळूहळू आवळत गेली. १८३४ मध्ये इंग्रजांनी जंजिरा आपल्या सत्तेखाली असल्याचं जाहीर केलं आणि तिथली टांकसाळ बंद केली. १८७० नंतर इंग्रज अधिकारीच तिथं येऊन बसला. एकही गोळा न झाडता! नबाब बेट सोडून मुरुडच्या किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड केलेल्या वाड्यात राहायला गेले. गादी राहिली, अकरा तोफांची सलामी राहिली.

हिस्पॅनिओलाचं तोवर काय झालं? बेटाचा पश्चिम भाग फ्रेंचांकडे गेला होता आणि तिथं पाच लाखांच्या आसपास गुलाम ऊस आणि कॉफीत राबत होते. १७९१ च्या ऑगस्टमध्ये ते उठले. तुसाँ लुव्हेर्त्यूर, जो स्वतः गुलाम म्हणून जन्मला, त्यानं त्यांची फौज बांधली. नेपोलियननं पाठवलेल्या सैन्याचाही पाडाव झाला आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. कॅरिबियनमधल्या आफ्रिकन माणसाला सत्तेपर्यंत पोचायला तीनशे वर्षं आणि एक रक्तबंबाळ क्रांती लागली. तेव्हा जंजिऱ्यावर त्यांच्या भाऊबंदांची गादी केव्हाच रुजलेली होती.

जंजिऱ्याची गादी गेली ती १९४८ मध्ये. संस्थानातल्या प्रजेनं लढा उभारला, मोहन धारियांसारखे तरुण लोकसेना घेऊन उतरले, आणि संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हैदराबादवर पोलीस कारवाई झाली आणि आपलं जिंतूर भारतात आलं.

मुरुडला जाणार असाल तर किल्ला पाहून लगेच फिरू नका. राजपुरीजवळ खोकरीला तीन दगडी कबरी आहेत, जाळीदार खिडक्यांच्या, घुमटांच्या. सगळ्यात मोठी सिद्दी सुरूलखानाची. शेजारच्या दोन कबरींपैकी एक त्या याकूतखानाची, ज्यानं मुंबई रोखून धरली होती. आणि किल्ल्यावर न्यायला राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होड्या उभ्या असतात. सुकाणू कुणाच्या हाती असतं ते विचारा. हिस्पॅनिओलावर ग्वाकानागारीचे ताईनो एक समाज म्हणून पन्नास-साठ वर्षांत दिसेनासे झाले. इथले कोळी पाचशे वर्षांनंतरही त्याच खाडीत जाळी टाकतात, आणि जंजिऱ्यावर पाऊल ठेवायला आजही होडीच लागते. फक्त पावसाळ्यात जाऊ नका. तेव्हा समुद्र उधाणलेला असतो आणि होड्या बंद असतात.